आत वळलेलं स्तनाग्र: ऑपरेशन ठरवण्याआधी काय माहीत हवं

आत वळलेल्या स्तनाग्राबद्दल आपल्या घरांत सहसा कुणी बोलत नाही. मुलगी वयात येते, तिच्या लक्षात येतं, पण मैत्रिणींना विचारायची सोय नसते आणि आईजवळ विषय काढायचा कसा हे कळत नाही. मग ही गोष्ट पहिल्यांदा मोठ्याने बोलली जाते ती थेट बाळंतपणानंतर. बाळ अंगावर धरत नाही, नर्स येऊन बघते, खाटेशेजारी आई आणि सासूबाई उभ्या असतात. "आधी का नाही सांगितलंस?" हा प्रश्न तिथे येतो, आणि त्याचं उत्तर देण्याइतकी ताकद तेव्हा बाळंतिणीत नसते.

तुम्ही अमेरिकेत राहत असाल, तर यावरच्या ऑपरेशनच्या जाहिराती तुमच्या पाहण्यात आल्या असतील. तासाभराचं काम, भूल तेवढ्या भागापुरती, दोन दिवसांत पुन्हा ऑफिस. हे वर्णन खोटं नाही. पण त्या तासाभरात सर्जन काय कापतात आणि काय जपतात, यावर तुमचं पुढचं अंगावर पाजणं अवलंबून असतं. म्हणून तारीख घेण्याआधी तीन गोष्टींचा उलगडा व्हायला हवा: हे कधीपासून आहे, ते किती घट्ट आहे, आणि तुम्हाला त्या स्तनाकडून पुढे काय हवं आहे. बाकी सगळं या तिन्हींच्या उत्तरांवर ठरतं. हा लेख डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही, पण त्या खोलीत काय विचारायचं हे नक्की सांगू शकतो.

स्तनाग्र आत का ओढलं जातं

दूध स्तनातल्या ग्रंथींमध्ये तयार होतं आणि बारीक नळ्यांमधून स्तनाग्रापर्यंत येतं. जुन्या पाठ्यपुस्तकांत या नळ्या १५ ते २० असल्याचं लिहिलेलं असे. २००५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दूध पाजणाऱ्या स्त्रियांची सोनोग्राफी करून पाहिली, तेव्हा स्तनाग्राशी पोचणाऱ्या मुख्य नळ्या सरासरी ९ च भरल्या. म्हणजे वाटा आपल्याला वाटत होत्या त्यापेक्षा कमी आहेत. एखादी कापली गेली तर तिची उणीव भरून काढायला फार नळ्या शिल्लक नसतात.

या नळ्यांच्या आजूबाजूला तंतूंचे पट्टे असतात. जन्मतः ते पट्टे आखूड किंवा घट्ट असले, नळ्या आखूड राहिल्या, किंवा स्तनाग्राखाली त्याला उचलून धरणारा मांसल भाग कमी पडला, की स्तनाग्र बाहेर येण्याऐवजी आत ओढलेलं राहतं. हा आजार नाही, आणि कुणी काही चुकीचं केल्यामुळे झालेलंही नसतं. लहानपणी मालिश नीट केली नाही, घट्ट कपडे घातले, असल्या कारणांचा याच्याशी संबंध नाही.

हे वाटतं तितकं दुर्मीळही नाही. दक्षिण कोरियात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १,६२५ तरुणींपैकी ५३ जणींमध्ये जन्मजात आत वळलेलं स्तनाग्र आढळलं, म्हणजे शंभरात तिघींहून थोडं जास्त. त्यांतल्या बहुतेकींना दोन्ही बाजूंना होतं. तुमच्या शाळेच्या वर्गात अशी आणखी एखादी मुलगी असण्याची बरीच शक्यता आहे. तीही गप्पच होती.

पहिला प्रश्न: कधीपासून?

वयात आल्यापासून असंच आहे, दोन्हीकडे आहे आणि वर्षानुवर्षं बदललेलं नाही, तर ते जन्मजात धरता येतं. पण आधी नीट बाहेर असलेलं स्तनाग्र गेल्या काही महिन्यांत आत जाऊ लागलं असेल, तर गोष्ट पूर्ण वेगळी आहे. विशेषतः एकाच बाजूला असेल, बोटाने बाहेर येत नसेल, सोबत गाठ, रक्ताळ स्राव, कातडीला खळी किंवा खरूज आल्यासारखी त्वचा असेल, तर पहिली शंका स्तनाच्या कॅन्सरची घ्यायची असते. दरवेळी कॅन्सरच निघतो असं नाही. नळ्या रुंद होऊन सुजणं, स्तनाग्रामागे वारंवार गळू होणं (हे धूम्रपान करणाऱ्यांमध्ये जास्त दिसतं), क्वचित स्तनाचा क्षय, अशीही कारणं निघतात. पण कारण कळेपर्यंत ऑपरेशनची तारीख घ्यायची नसते.

इथे अमेरिकेतली एक गफलत ध्यानात ठेवा. यू. एस. प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०२४ मध्ये ४० ते ७४ वयाच्या स्त्रियांना दर दोन वर्षांनी मॅमोग्राम करण्याची शिफारस केली. ती काहीच तक्रार नसलेल्यांसाठी आहे. तुम्हाला बदल जाणवला असेल तर वय पस्तीस असो वा तीस, "माझी पाळी अजून आली नाही" म्हणून थांबू नका. तुम्हाला लागते ती निदानासाठीची तपासणी: डॉक्टरांनी हाताने तपासणं, सोनोग्राफी, गरजेप्रमाणे मॅमोग्राम, आणि शंका उरली तर बायोप्सी. फोनवर वेळ घेताना "नेहमीची तपासणी" न म्हणता "नवीन बदल झाला आहे" असंच सांगा. त्या एका वाक्याने तुमची वेळ लवकरची लागू शकते.

दुसरा प्रश्न: किती घट्ट?

कोरियातल्याच हान आणि हाँग या दोन सर्जननी १९९९ मध्ये तीन पायऱ्यांची एक वर्गवारी मांडली. आज अमेरिकेतही सर्जन तीच वापरतात, त्यामुळे ती समजून घेतली की त्यांचं बोलणं कळतं.

पहिल्या श्रेणीत स्तनाग्र बोटांनी सहज बाहेर येतं आणि बराच वेळ बाहेर राहतं. थंडीने किंवा स्पर्शाने आपोआपही येतं. आतले पट्टे जवळपास नसतातच, नळ्या ठीक असतात.

दुसऱ्या श्रेणीत ते बाहेर काढता येतं, पण थोडा जोर लागतो आणि सोडलं की परत आत जातं. पट्टे मध्यम घट्ट असतात. नळ्या थोड्या मागे ओढलेल्या असतात, पण त्या न कापता काम होऊ शकतं.

तिसऱ्या श्रेणीत ते बाहेर येतच नाही, किंवा मुश्किलीने येऊन लगेच आत जातं. पट्टे दाट, नळ्या आखूड. खोबणीत ओल साचून पुरळ, वास किंवा पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होण्याचा त्रास याच श्रेणीत जास्त असतो.

घरी अंदाज घ्यायचा असेल तर स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेवर अंगठा आणि तर्जनी ठेवून हलकेच दाबून पाहा. काय होतं आणि किती वेळ टिकतं ते बघा. दोन्ही बाजूंची श्रेणी वेगवेगळीही असू शकते.

ऑपरेशनशिवाय काय होऊ शकतं

गरोदरपणात स्तनाग्रं ओढण्याचे व्यायाम करा, ब्रामध्ये प्लॅस्टिकच्या वाट्या घाला, असा सल्ला अनेक वर्षं दिला जाई. आजही एखादी काकू तो देते. ब्रिटिश संशोधकांनी १९९२ मध्ये आणि पुढे १९९४ मध्ये ४६३ गरोदर स्त्रियांवर या दोन्ही उपायांची रीतसर चाचणी घेतली. स्तनपानाला फायदा झाल्याचं दिसलं नाही. म्हणजे नववा महिना त्यात घालवून पुढे "मी नीट केलं नाही म्हणून झालं" असं मनाला लावून घेण्याची गरज नाही.

ओढ देणाऱ्या साधनांचं तसं नाही. १९९४ साली डग्लस मॅकजॉर्ज या ब्रिटिश प्लास्टिक सर्जनने निप्लेट नावाची छोटी पारदर्शक टोपी मांडली. तिच्यातली हवा सिरिंजने काढायची आणि हलक्या ओढीने नळ्या हळूहळू लांबवायच्या. रोज काही तास, असं काही आठवडे ते महिने चिकाटीने वापरावं लागतं. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीत तिचा विचार करता येतो.

आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या दावणगेरे इथल्या बालरोगतज्ज्ञांनी तर १९९३ मध्येच त्याहून स्वस्त युक्ती छापून आणली होती. साधी डिस्पोझेबल सिरिंज घ्यायची, सुईकडचं टोक कापायचं आणि दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालायचा, म्हणजे स्तनाला सिरिंजची मूळची गुळगुळीत कड लागते. पाजण्याआधी हलकी ओढ द्यायची. भारतातल्या कितीतरी प्रसूतिगृहांत नर्स आजही हेच करतात. भारतात बाळंत झालेल्या तुमच्या बहिणीने किंवा वहिनीने हे पाहिलं असेल. घरच्या घरी कापाकापी मात्र करू नका. कड खरखरीत राहिली तर जखम होते, आणि जास्त ओढलं तर सालपटं निघतात.

बाळ जवळ आलं असेल, तर अमेरिकेत आणखी एक हक्काची मदत आहे. अफोर्डेबल केअर ॲक्टमुळे बहुतेक विमा योजनांना स्तनपानाचा सल्ला आणि ब्रेस्ट पंप यांचा खर्च उचलावा लागतो. लॅक्टेशन कन्सल्टंटची भेट शक्यतो प्रसूतीच्या आधीच ठरवा. बाळ नुसतं टोक चोखत नाही, भोवतालचा गडद भाग तोंडात घेऊन दूध ओढतं. त्यामुळे पहिल्या दोन श्रेणींतल्या अनेक जणी योग्य पकड शिकून अंगावर पाजतात. आधी थोडा वेळ पंप लावणं किंवा काही दिवस पातळ सिलिकॉनची टोपी वापरणं याचाही उपयोग होतो. आणि पंपाने काढलेलं दूध हे आईचंच दूध आहे. त्याला कुणी "वरचं दूध" म्हणत असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करा.

ऑपरेशनच्या दिवशी

स्तनांची वाढ पूर्ण झालेली असणं, गरोदर नसणं आणि पाजणं थांबून काही महिने झालेले असणं, या साधारण अटी असतात. पहिल्या भेटीत तपासणी होते आणि फोटो काढले जातात. खोलीत स्त्री सहायक हवी असेल तर मोकळेपणाने सांगा. अशी मागणी इथे नवीन नाही.

तुम्ही घेता त्या सगळ्या गोळ्या सांगा. आपण ज्यांना औषध म्हणत नाही तेही सांगा: अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि अशा काही पूरक गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो म्हणून त्या आधी बंद करायला सांगतात. सिगारेट, व्हेप, निकोटिनचं च्युइंगम हेही काही आठवडे आधीपासून बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि इतक्या लहान भागाला रक्त कमी पडलं तर तो भाग मरूही शकतो.

बहुतेक वेळा भूल तेवढ्याच भागाला देतात. काहींना सोबत गुंगीचं औषध देतात, तेव्हा घरी न्यायला माणूस लागतो. सुई टोचताना चुणचुणतं, पुढे ओढ जाणवते पण दुखत नाही. सर्जन स्तनाग्र टाक्याने किंवा बारीक हुकाने वर ओढून धरतात आणि त्याच्या बुडाशी छोटा छेद देतात. त्यातून आतले पट्टे मोकळे करतात. नळ्या जपायच्या असतील तर पट्टे नळ्यांच्या दिशेने, उभे, हळूहळू विलग केले जातात. तिसऱ्या श्रेणीत तेवढ्याने भागलं नाही तर नळ्या कापाव्या लागतात. मग स्तनाग्राखाली झालेली पोकळी भरतात: शेजारचीच छोटी पट्टी वळवून आधार देतात, किंवा बुडाभोवती बटव्याच्या नाडीसारखा टाका घेऊन मान आवळतात, म्हणजे ते परत आत घसरत नाही. दोन्ही बाजूंचं काम साधारण एक ते दोन तासांत होतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं.

पुढचे दिवस

स्तनाग्र दाबलं जाऊ नये म्हणून भोवती कापसाचं कडं, छोटी टोपी किंवा आधार बसवतात. तो किती दिवस ठेवायचा हे सर्जनप्रमाणे बदलतं, काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत. पहिले दोन-तीन दिवस ठसठस, सूज आणि काळं-निळं होणं ठरलेलंच. बहुतेकींना साध्या वेदनाशामक गोळ्या पुरतात. बसून करायचं काम दोन-तीन दिवसांत जमतं. पोटावर झोपणं, धावणं, वजन उचलणं आणि घट्ट ब्रा काही आठवडे टाळावी लागते. घरात लहान मूल असेल तर त्याला उचलणं आणि त्याचं छातीवर डोकं टेकवणं याची सोय आधी लावा. न विरघळणारे टाके एक-दोन आठवड्यांत काढतात.

पहिल्या आठवड्यात स्तनाग्र जरा जास्तच पुढे आलेलं दिसतं. सूज उतरली की ते थोडं बसतं. याने दचकू नका. पण स्तनाग्र काळसर-जांभळं पडू लागलं, एका बाजूला अचानक फुगून कडक झालं, पू आला, लाली पसरली किंवा ताप आला, तर सकाळची वाट न बघता फोन करा.

काय बिघडू शकतं

सगळ्यात सामान्य अडचण म्हणजे ते पुन्हा आत जाणं. घट्ट श्रेणीत आणि नळ्या जपल्या असतील तेव्हा ही शक्यता जास्त असते. किती जणींमध्ये होतं याचा एकच भरवशाचा आकडा देता येत नाही, कारण या विषयावरचे बरेचसे अभ्यास एकेका सर्जनने आपल्याच थोड्या रुग्णांबद्दल लिहिलेले आहेत आणि पद्धती डझनावारी आहेत. म्हणून "शंभर टक्के कायमचं" असं कुणी म्हणालं तर तुमचा विश्वास कमी व्हायला हवा. स्पर्शाची जाणीव कमी होणं किंवा बदलणं, दोन्ही बाजूंत फरक राहणं, जंतुसंसर्ग, रक्त साचणं हेही होतं. स्तनाग्राचा भाग मरणं क्वचित होतं, पण होतं.

तिसरा प्रश्न: दुधाचं काय?

खरा निर्णय इथे आहे. नळ्या कापल्या तर स्तनाग्र बाहेर टिकण्याची शक्यता वाढते, पण त्या बाजूने पाजणं बंद होऊ शकतं. नळ्या जपल्या तर पाजण्याची आशा राहते, पण परत आत जाण्याचा धोका थोडा वाढतो, आणि नळ्या जपूनही दूध नीट येईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. कारण मोकळं केलेल्या जागी वण तयार होतोच. म्हणून "पुढे बाळाला पाजता यावं म्हणून आधी ऑपरेशन करून घेते" हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीत ऑपरेशन न करताच पाजण्याची शक्यता चांगली असते. मूल हवं असेल आणि त्रास फक्त दिसण्याचा असेल, तर बाळंतपणं उरकेपर्यंत थांबणं हा शहाणपणाचा पर्याय आहे.

उलट, मूल नको असेल, किंवा मुलं झाली असतील, किंवा खोबणीतल्या सततच्या संसर्गाने जीव नकोसा झाला असेल, तर नळ्या कापणारं ऑपरेशन तुमच्यासाठी योग्य असू शकतं. आणि दिसण्यासाठी करून घेणं हेही कारण पुरेसं आहे. त्यासाठी कुणाची माफी मागायची नसते. फक्त हा सौदा तुम्ही स्वतः केलेला असावा. लग्नाआधी "हे उरकून टाक" असं दुसरं कुणी म्हणत असेल, तर त्या माणसाला दुधाच्या नळ्यांबद्दल माहीत आहे का, ते आधी विचारा.

पैसे आणि कागद

विमा कंपन्या याला बहुधा सौंदर्यासाठीचं ऑपरेशन मानतात, आणि खर्च काही हजार डॉलरच्या घरात जातो. तरी पूर्वपरवानगी मागून बघा. या ऑपरेशनचा सीपीटी कोड १९३५५ आहे; विमा कंपनीला फोन करताना तो सांगा. वारंवार संसर्ग झाल्याच्या नोंदी तुमच्या डॉक्टरांकडे असतील तर त्या जोडा. कॅन्सरसाठी स्तन काढल्यानंतरच्या पुनर्रचनेचं वेगळं आहे: मॅस्टेक्टमीचा खर्च देणाऱ्या योजनेला १९९८ च्या कायद्याने पुनर्रचनेचाही द्यावा लागतो.

स्वतःच्या खिशातून देणार असाल तर लेखी अंदाजपत्रक मागा. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नो सर्प्रायझेस ॲक्टखाली तो तुमचा हक्क आहे, आणि बिल अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा जास्त वाढलं तर तक्रारीची सोय आहे. सर्जनची फी, भूल आणि ऑपरेशनच्या जागेचं भाडं हे तिन्ही त्यात आहेत का ते पाहा. एचएसएतून पैसे द्यायचे असतील तर आयआरएसचं प्रकाशन ५०२ वाचा. सौंदर्यासाठीचा खर्च त्यात धरत नाहीत, पण जन्मजात व्यंगाच्या दुरुस्तीला अपवाद आहे. आपलं प्रकरण त्यात बसतं का हे कर सल्लागाराला विचारा.

सर्जन निवडताना अमेरिकन बोर्ड ऑफ प्लास्टिक सर्जरीचं प्रमाणपत्र आहे का ते बघा. नुसतं "बोर्ड सर्टिफाइड" पुरत नाही, कारण नावं मिळतीजुळती असलेली मंडळंही आहेत.

आणि "डिसेंबरात पुण्याला जातोच आहोत, तिकडे स्वस्तात करून येऊ" हा विचार अनेकींच्या मनात येतो. पुण्या-मुंबईत चांगले सर्जन आहेत. प्रश्न दिवसांचा आहे. तीन आठवड्यांच्या सुट्टीत भेटीगाठी, एक लग्न आणि सामान उचलणं असेल, तर नुकतं शिवलेलं स्तनाग्र जपणं कठीण. जायचंच असेल तर उतरल्या उतरल्या ऑपरेशन आणि टाके निघून शेवटची तपासणी झाल्यावरच परतीचं विमान, असं गणित बसवा. ऑपरेशनची लेखी नोंद सोबत आणा. तीत नळ्या कापल्या की जपल्या, हे स्पष्ट लिहून घ्या.

हीच नोंद अमेरिकेत केलेल्या ऑपरेशनचीही मागून घ्या आणि जपून ठेवा. पाच वर्षांनी बाळ झालं, तर लॅक्टेशन कन्सल्टंटचा पहिला प्रश्न तोच असेल. आणि पुढे कधी तुमच्या लेकीने दार लोटून घेऊन हळूच विचारलं, तर तिला सांगण्यासारखं तुमच्याजवळ काही असेल.